‘एक्स्टर्नल ड्राइव्ह घेऊ नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

खटपट्या: कालच शंकासुर यांनी फर्मान काढलं: ‘सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपला एक्स्टर्नल ड्राइव्ह म्हणजे पैसे पाण्यात. जुन्या मशीनचा ड्राइव्ह नेटवर्कवर शेअर करा, सगळं चालतं.’ सगळं? डेटा डिस्क चालते. सिनेमाच्या डीव्हीडीवर सीएसएस (कॉपी रोखणारं कुलूप) असतं. त्याच्या किल्लीसाठी प्लेअरला ड्राइव्हशी थेट बोलावं लागतं, शेअर केलेल्या फोल्डरमधून ते होत नाही. ऑडिओ सीडी शेअर केलीत तर ४४ बाइटच्या सीडीए फायली दिसतात. त्यात गाणं नसतंच, ट्रॅक कुठे सुरू होतो एवढीच नोंद.

शंकासुर: आणि एक्स्टर्नल फार चालतो! लावला की टिकटिक, मग ड्राइव्ह गायब. निम्मी रडगाणी तीच.

खटपट्या: कारण तो बिनपॉवरच्या हबला लावतात. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. मोटर सुरू होताना स्लिम ड्राइव्ह क्षणभर एक अँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. थेट पोर्टला, आखूड केबलने लावा. तरीही अडला तर दोन तोंडांची (दोन पोर्टांतून वीज घेणारी) केबल, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. डेस्कटॉपचा ५.२५ इंची ड्राइव्ह जोडायचा तर १२ व्होल्टही वेगळे द्यावे लागतात.

तबकडी: +१. आणि ‘३.० घ्या, वेगवान असतो’ हे थांबवा. ८एक्स डीव्हीडी म्हणजे सेकंदाला ११ एमबी. ते २.० आरामात पेलतो.

शंकासुर: बरं, नेटवर्कचं सोडलं. दुसऱ्या मशीनवर आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाइल) करून आणा की. विंडोज ८ पासून डबल क्लिकने माउंट होते, डिस्कसारखी उघडते.

तबकडी: ऑडिओ सीडीची आयएसओ? करून दाखवाच. डेटा सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या एका तुकड्यात) २०४८ बाइट डेटा, उरलेली जागा मुख्यतः चूकदुरुस्तीला. आयएसओत ते २०४८ च जातात. ऑडिओचे २३५२ च्या २३५२ बाइट आवाजाचेच. बिन-क्यू (कच्ची प्रत आणि ट्रॅकची यादी) करा, नाहीतर सरळ फ्लॅक (आवाज न घटवणारी ऑडिओ फाइल). आणि बर्स्ट मोडमध्ये (एकदाच, न पडताळता) ओढून ‘झालं’ म्हणू नका! ओरखड्यावर ड्राइव्ह मधले सँपल (आवाजाचे नमुने) अंदाजाने भरतो आणि गप्प बसतो. ईएसी हा सीडी उतरवायचा प्रोग्रॅम, सिक्युअर मोड (पुन्हापुन्हा वाचून पडताळणारा), ऑफसेट (ड्राइव्ह किती सँपल पुढे-मागे वाचतो तो फरक) लावून अॅक्युरेटरिप (इतरांच्या प्रतींशी ताडून बघायची सोय).

जुनाट: आला ऑफसेट! ३० सँपल म्हणजे सेकंदाचा हजारावा भागही नाही. कोणाचे कान आहेत एवढे?

तबकडी: कानासाठी नाहीच तो. ऑफसेट चुकला की चेकसम (प्रतीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) इतरांच्या रिपशी, म्हणजे उतरवलेल्या प्रतीशी, जुळत नाही, मग तुमची प्रत धड आहे की नाही हे कळणार कसं? वाचत जा जरा.

जुनाट: वाचलं. लोकांना गाणं ऐकायचंय, पुरावा दाखल करायचा नाही.

तबकडी: मग टिकटिक गाण्यात ऐका.

खटपट्या: अहो, डिस्क लावायचा धागा आहे. डीव्हीडीची प्रत करताना: आधी व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘ओपन डिस्क’ने काही सेकंद चालवा, म्हणजे ड्राइव्ह खुला होतो, नाहीतर सीएसएसवाले सेक्टर वाचताना एरर येतात. ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधून डेटा काढणारा प्रोग्रॅम), ब्लॉक साइझ २०४८. पहिल्या फेरीत अवघड भाग सोडायचा, मग तीन फेऱ्या. मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) जपा. उरलेले सेक्टर दुसरा ड्राइव्ह कधीकधी वाचतो. शिवाय विंडोज ८ पासून डीव्हीडी प्लेबॅक आत मिळत नाही, म्हणून ‘ड्राइव्ह खराब’ म्हणण्याआधी व्हीएलसी टाका.

जुनाट: रीजनचंही (डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागासाठी आहे त्याच्या कोडचंही) सांगा. बदल पाचदाच, पाचव्यानंतर ड्राइव्हचं फर्मवेअर त्याच रीजनवर कायमचं अडकतं. विंडोज पुन्हा टाकूनही आकडा परत येत नाही.

शंकासुर: ठीक आहे, विद्वानहो, घेतो ड्राइव्ह. त्यावर ब्लू-रे तरी चालेल ना, की त्यालाही वेगळा धागा?

खटपट्या: नाही चालणार. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा, ब्लू-रेला ४०५ लागतो. बीडी (ब्लू-रे) ड्राइव्ह घेतलात तरी व्हीएलसीला एएसीएसच्या (ब्लू-रेच्या कुलपाच्या) किल्ल्या वेगळ्या द्याव्या लागतात. आणि ४के डिस्क पीसीवरच्या अधिकृत प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये चालवायला प्रोसेसरमधली जी एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागते, ती इंटेलने नव्या कोअर प्रोसेसरांतून काढून टाकली आहे. वेगळा धागा काढाच.