शब्दचर्चा : 'तप्त इलेक्ट्रॉन' म्हणावं का?

प्रश्न : एका लेखाचा अनुवाद करतोय. सोन्याच्या नॅनोकणांवर प्रकाश पाडून त्यांच्या पृष्ठभागावर रासायनिक अभिक्रिया घडवायची, असा विषय. 'हॉट इलेक्ट्रॉन'ला मी 'तप्त इलेक्ट्रॉन' केलं, तर संपादकांनी समासात लिहिलं, "म्हणजे कण किती तापतो?" आणि 'प्लाझ्मॉन'चं काय करू?

– प्लाझ्मॉन तसाच राहू द्या. प्लाझ्मासाठी 'आयनद्रायू' आहे, पण त्यावरून शब्द पाडलात तर वाचक वायू शोधत बसेल. इथे आहे घन धातू. त्यापेक्षा एकदा उलगडून सांगा : प्रकाशलहरीच्या तालावर धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन सगळे मिळून हिंदकळतात, ते हिंदकळणं म्हणजे प्लाझ्मॉन. ज्या रंगाशी ताल जुळतो तो रंग कण गिळतो. साधारण २० नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून ते पाणी माणकासारखं लाल दिसतं. सोनं, पण पिवळेपणाचा मागमूस नाही! ('सामूहिक दोलन' अचूक आहे, पण 'हिंदकळणं' डोळ्यांपुढे येतं.)

– घोळ 'तप्त'मध्येच आहे. हे हिंदकळणं काही फेम्टोसेकंदांत (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) विरतं आणि त्यातली ऊर्जा मोजक्या इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला येते. एरवी तेवढी ऊर्जा मिळायला हजारो अंश तापमान लागेल, म्हणून ते 'हॉट'. धातूचे अणू मात्र तोवर थंडच असतात. असा इलेक्ट्रॉन कणाला चिकटलेल्या रेणूत शिरला की बंध सैल पडतो; सोन्याच्या कणांवर हायड्रोजनचा रेणू खोलीच्या तापमानाला असा फुटतो, हे संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. उरलेली ऊर्जा नंतर उष्णता होऊन कण तापवते. आता अभिक्रिया इलेक्ट्रॉनांनी घडवली की नुसत्या उष्णतेनं, यावर तज्ज्ञांतच जुंपलेली आहे. 'तप्त' लिहून तुम्ही नकळत एका बाजूनं निकाल देऊन टाकता. 'अतिऊर्ज इलेक्ट्रॉन' कसं वाटतं?

प्रश्नकर्ता : 'अतिऊर्ज' घेतो. 'प्रकाशोत्प्रेरक' तरी ठीक ना?

– तोही फसवा. 'प्रकाश हाच उत्प्रेरक' असा कर्मधारय कुणीही वाचेल. उत्प्रेरक अभिक्रियेत खर्ची पडत नाही, प्रकाश मात्र खर्ची पडतो. 'प्रकाशचालित उत्प्रेरक' लिहा, लांबला तरी चालेल.

– आणि संपादकांना कळवा : कण किती तापतो ते प्रकाशाच्या तीव्रतेवर. त्यांचा प्रश्न भाषेचा नव्हता, पण चुकीचाही नव्हता.