फळ धरत नाही त्याला कारण खतच असेल असं नाही

बाल्कनीत पालेभाज्याच लावाव्यात, वेलभाज्यांची फुलं गळूनच जातात, असं या बागकामाच्या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय आणि उपाय म्हणून खत वाढवायला सांगितलंय. पालेभाजी सोपी, हे मान्यच. पण बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळत असेल तर बहुतेक वेळा परागीभवनच, म्हणजे नर फुलातले पराग मादी फुलावर पोचणंच, झालेलं नसतं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि ते काम मुख्यतः पतंग (फुलपाखरासारखे रात्री उडणारे किडे) करतात. आमच्या ११व्या मजल्यावर ते फिरकत नाहीत, म्हणून दिवेलागणीला आम्हीच करतो. लांब देठाचं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायचा. मादी फुलामागे लव असलेला इवलासा दुधी असतोच, त्यामुळे ओळखायला अडचण नाही. लागू पडलं की काही दिवसांत तो फुगलेला दिसतो. दोडकाही संध्याकाळचाच, काकडी, लाल भोपळा मात्र सकाळी. टोमॅटो-मिरचीला फुलोऱ्यात फांदी जराशी हलवली तरी पुरे.

शेजारच्या कुंडीत सब्जा लावून त्याच्या मंजिऱ्या खुडल्या नाहीत, तर मधमाश्याही येतात. आणि मुलांना या कामाला जरूर घ्या. माझी मुलगी आता मंडईत एका टोकाला बारीक राहिलेली काकडी उचलून भाजीवाल्या मावशींना विचारते, "हिच्याकडे माश्या कमी आल्या होत्या का?" बऱ्याचदा कारण तेच असतं.