मदत हवी आहे: इस्तंबूलची पहिली संध्याकाळ, एकटीने

ऑक्टोबरच्या मध्यावर इस्तंबूलला जाते आहे. एकटी. परदेशात एकटीने जायची ही पहिलीच वेळ. तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं झालंय आणि पुढच्या दिवसांचंही बऱ्यापैकी ठरलंय, म्हणून त्याबद्दल विचारत नाही. प्रश्न फक्त पहिल्या संध्याकाळचा आहे. तिथे राहिलेल्या किंवा फिरून आलेल्यांनी कृपया सांगावं.

विमान दुपारी एकच्या सुमारास युरोपच्या बाजूच्या नव्या विमानतळावर उतरतं. हॉटेल सिर्केजी स्टेशनजवळ घेतलंय. पासपोर्टची रांग, सामान आणि मेट्रो धरून चार-साडेचारला खोलीवर पोचेन असा अंदाज आहे. त्या दिवसांत तिथे सूर्य साडेसहाच्या जरा आधी मावळतो. म्हणजे हातात दोनेक तास उजेड.

माझा बेत असा: चालत एमिनोनूच्या धक्क्यावर जायचं, बोटीने बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून आशियाच्या बाजूच्या उस्कुदारला उतरायचं, तिथून पाण्याच्या कडेकडेने सालाजाकपर्यंत चालायचं आणि सूर्यास्त तिथून बघायचा. सूर्य मावळतो युरोपच्या बाजूला. जुन्या शहरात उभं राहिलं तर आपण गल्लीबोळांत आणि गर्दीत असतो. आशियाच्या किनाऱ्यावरून मात्र तोपकापी राजवाडा, आया सोफिया, निळी मशीद ही अख्खी रांग एका नजरेत येते, शिवाय अलीकडे पाण्यात उभा असलेला कझ कुलेसीचा मनोरा. नकाशावर कोन मोजून पाहिला. जूनमध्ये सूर्य बराच उत्तरेकडे, गलाता-ताक्सिमच्या अंगाला बुडतो. ऑक्टोबरमध्ये तो जुन्या शहरावरच उतरतो. मला हे बघायचंच आहे.

घरचे आणि मैत्रिणी सगळ्यांचं एकच म्हणणं: पहिल्या दिवशी कशाला, जेव आणि झोप, दुसऱ्या दिवशी जा. त्यांची काळजी समजते. पण दुसऱ्या दिवसापासून तिकिटं, रांगा, उघडण्या-बंद होण्याच्या वेळा सुरू होतात. कुणाचंही काही देणं नसलेली हीच एक संध्याकाळ आहे. आणि शहर आधी लांबून, सगळंच्या सगळं एकदा बघितलं, तर नंतर गल्लीतून वर मान केल्यावर दिसणारा मिनार कुठला हे कळतं, असं मला मनापासून वाटतं. घड्याळ फक्त अडीच तासांनी मागे आहे, त्यामुळे थकवा येईल तो प्रवासाचा आणि जागरणाचा. उलट तिथले रात्रीचे आठ म्हणजे माझ्या शरीराचे साडेदहा, तेव्हा जे काय बघायचं ते सूर्यास्तापर्यंतच नीट बघून होईल.

आता नेमकं काय विचारायचंय ते: सात-साडेसातला अंधारात एकटीने बोटीने परत येणं कितपत सुरक्षित आहे? बोट चुकली तर दुसरा मार्ग कोणता? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं, तर हॉटेलच्या आसपास एकटीने निवांत जेवता येईल का? आणि विमानाला उशीर झाला तर किती वाजेपर्यंत हा बेत धरून ठेवावा आणि कधी सोडून द्यावा?

प्रतिसाद १

जरूर जा. मी तिथे एकटीनेच फिरले आहे आणि संध्याकाळची ती बोट म्हणजे नोकरदार लोकांची रोजची घरी जायची वाट. बायका, शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या, सगळे असतात. सात-साडेसातला बोट रिकामी वगैरे अजिबात नसते.

विमानतळावरून एम-११ मेट्रोने गाय्रेत्तेपे, तिथे बरंच चालून एम-२, मग येनिकापीला मर्मराय रेल्वे धरून सिर्केजी. सामान घेऊन तीन गाड्या बदलायचा कंटाळा येईल, पण संध्याकाळच्या वाहतुकीत टॅक्सीतून अडकून पडण्यापेक्षा बरं. एम-२ गोल्डन हॉर्न खाडीवरच्या पुलावरून जाते, तेव्हा खिडकीजवळ राहा.

इस्तंबूलकार्ट विमानतळाच्या मेट्रो स्टेशनवरच यंत्रातून काढून घ्या आणि त्यात दोन-तीन दिवस पुरेल इतके पैसे भरा. यंत्र सुटे परत देत नाही असं धरून चाला आणि लहान नोटा जवळ ठेवा. हेच कार्ड मेट्रो, ट्राम, बोट, मर्मराय सगळीकडे चालतं.

बोट चुकली तर घाबरायचं कारण नाही. उस्कुदारच्या धक्क्यासमोरच मर्मरायचं स्टेशन आहे. २०१३ साली सुरू झालेली ही रेल्वे बॉस्फरसच्या तळाखालून जाते आणि पुढचंच स्टेशन सिर्केजी, पाचेक मिनिटांत. सिर्केजीला स्टेशन खूप खोल आहे, सरकते जिने संपता संपत नाहीत. एक गोष्ट लक्षात ठेवा: मर्मराय आत शिरताना कार्डातून पूर्ण लांबीचं भाडं कापते. बाहेर पडल्यावर परताव्याच्या यंत्राला कार्ड लावलं की उरलेले पैसे परत जमा होतात. नवखे लोक हे न करताच निघून जातात.

प्रतिसाद २

मी जरा वेगळं सांगतो. प्रवासानंतर पहिल्याच संध्याकाळी खंड ओलांडायची घाई का? हॉटेलपासून गलाता पूल दहा मिनिटांवर आहे. वर कठड्याला ओळीने गळ टाकून बसलेले लोक, खाली हॉटेलं, मागे सुलेमानिये मशीद. सूर्यास्त तिथूनही सुंदर दिसतो आणि पाय दुखले की लगेच खोलीवर. सालाजाक दुसऱ्या दिवशीही तिथेच असणार आहे. विमान वेळेवर आलं तरी पासपोर्टच्या रांगेत तास-दीड तास जाऊ शकतो, त्यामुळे तुमचा साडेचारचा अंदाज मला आशावादी वाटतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मर्मरायचा पर्याय कळल्यावर निम्मी काळजी मिटली. पुलाचं म्हणणं पटतं, पण तो पर्याय म्हणून ठेवते. साडेपाचपर्यंत धक्क्यावर पोचले तरच पलीकडे जायचं, नाहीतर पूल. असं चालेल ना? जेवणाचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३

साडेपाचची मर्यादा अगदी योग्य. बोटीला वीसेक मिनिटं, उस्कुदारहून सालाजाकला साधारण तेवढंच चालणं, म्हणजे सूर्यास्ताच्या थोडं आधी पोचता. जाताना बोटीच्या मागच्या उघड्या डेकवर बसा, शहर मागे सरकत जाताना दिसतं. येताना पुढे. बोटीवर छोट्या कंबरेच्या पेल्यात चहा मिळतो. पेला काठाशी धरा, पोटाशी धरला तर बोटं भाजतात. पाण्यावर वारा बोचरा असतो, जाकीट किंवा शाल हवीच. धक्क्यावर उतरल्या उतरल्या परतीच्या बोटींच्या वेळांच्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

उस्कुदारच्या धक्क्याला लागूनच मिहरिमाह सुलतान मशीद आहे, मिमार सिनान या वास्तुकाराने सोळाव्या शतकात बांधलेली. सूर्यास्ताला दोन्ही किनाऱ्यांवरून अजान सुरू होते, एकीचा आवाज दुसरीत मिसळत जातो. त्या वेळी कानात गाणी नकोत, एवढी एक विनंती.

जेवण: सिर्केजीला होजापाशा नावाची खाण्याची गल्लीच आहे, उजेड आणि वर्दळ दोन्ही असतं. लोकान्ता म्हणतात त्या साध्या खानावळीत पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, बोट दाखवून घेता येतात. एकटं कुणी जेवायला आलं तर कुणी वळूनही बघत नाही. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या थंड भाज्या, पांढऱ्या घेवड्याचा पदार्थ, चीजची पिदे (भट्टीत भाजलेली रोटी), पालक-चीजची गोझलेमे (भरलेली पातळ पोळी) हे सगळं मिळेल. मसुराचं सूप, मेर्जिमेक चोर्बासी, सगळीकडे असतं, पण काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात करतात. घेवड्यातही कधी मांसाचे तुकडे असतात. "एत सुयू वार मी?" (मांसाचं पाणी आहे का?) असं विचारा आणि "एतसिझ" म्हणजे मांस नको, हे पाठ करा.

आता सावध कुठे राहायचं. पुलाच्या आसपास बूटपॉलिशवाला चालता चालता ब्रश पाडतो. उचलून दिला की आभार म्हणून फुकट पॉलिश करायला बसतो आणि शेवटी पैसे मागतो. जुन्या शहरातल्या सुलतानअहमेत भागाजवळ गोड इंग्रजीत चौकशी करणारा माणूस बहुतेकदा गालिच्यांच्या दुकानात नेतो. अनोळखी माणसाने सुचवलेल्या बारमध्ये तर जायचंच नाही, अवाच्या सवा बिल हातात देतात. या कुणाला उत्तर देण्यासाठी थांबू नका. चालता चालता "योक, तेशेक्कूर" (नको, आभार) म्हणायचं आणि पुढे जायचं. खरोखर मदत लागली तर ११२, पोलीस आणि रुग्णवाहिका दोन्हींसाठी तोच नंबर. फोनचा डेटा निघण्यापूर्वीच इ-सिमने घेऊन ठेवा, विमानतळावर महाग पडतो.

धागाकर्ती

इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. सगळं वहीत उतरवून घेतलंय आणि घरीही वाचून दाखवलं. आईचा सूर बराच बदलला, फक्त दोन्ही किनाऱ्यांवर उतरल्यावर फोन करायचा, ही अट आहे. एकच राहिलं: ऑक्टोबरात पाऊस आला तर? सालाजाकला आडोसा आहे का, की सरळ पुलाचा बेत धरू?

प्रतिसाद १

सालाजाकचा बराचसा भाग उघडाच आहे, भर पावसात तिथे बसता येणार नाही. पण बोट सोडू नका. उस्कुदारला उतरा, धक्क्याजवळच कुठेतरी चहा घ्या आणि पुढच्या बोटीने परत या. आतल्या काचेच्या खिडकीतूनही शहर दिसतंच. येताना डाव्या बाजूची जागा धरा, तोपकापी त्या बाजूला येतो.