लघुग्रह अडवायला करदात्यांचे पैसे कशाला? (जाणकारांनी मत द्यावे)

पोटोमॅककर:
नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या मेरीलँडमध्ये. परवा मंडळाच्या कोजागिरीला मसाला दूध गार झालं तरी आमची जुंपलेलीच होती, आणि विषय काय, तर लघुग्रह! झालं असं की ज्या 'डार्ट' यानाने 2022 मध्ये लघुग्रहाला धडक दिली ते आमच्या इथल्याच लॉरेल गावातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेने बनवलं. कुणीतरी ते अभिमानाने सांगितलं आणि एका मित्राने तोफ डागली. म्हणाला, सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर घालवून एका धोंड्यावर यान आपटलं, तेही अशा धोंड्यावर की जो आपल्या दिशेला येतच नव्हता. इकडे लोक ॲम्ब्युलन्सच्या बिलाच्या धास्तीने टॅक्सी करून दवाखान्यात जातात.

दुसऱ्या बाजूचे लोक 'उद्या पडला तर?' यापलीकडे काही बोलेनात. मला दोघांचंही अर्धंअर्धं पटलं, म्हणजे कुणाचंच नाही. कर आम्ही भरतो, त्यामुळे विचारायचा हक्क तर आहेच. हा खर्च सरकारने करावा का, करावा तर किती, आणि नेमका कशावर? अमेरिकी काँग्रेसमधल्या, म्हणजे इथल्या संसदेतल्या, आमच्या भागाच्या प्रतिनिधीला पत्र लिहावं असं डोक्यात आहे, पण लिहायचं काय तेच ठरत नाही.

नाशकातला_बाळ्या:
लिहा की, 'एक इकडेही पाठवा' म्हणून. आमच्या रस्त्यावर आणखी एक खड्डा पडला तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

आठवतंय का, 2025 च्या फेब्रुवारीत सगळे चॅनल 'मुंबईवर लघुग्रह' म्हणून ओरडत होते? माझ्या मावशीने मुलुंडच्या फ्लॅटचं बुकिंग पुढे ढकललं. आठवडाभरात शास्त्रज्ञ म्हणाले, काही नाही, बाजूने जाणार. मला तर हा सगळा घाबरवून निधी काढायचा उद्योग वाटतो. आणि खरंच एवढा धोका असेल तर ते रॉकेटवाले अब्जाधीश आहेत ना? त्यांनी करावं. सरकार कशाला?

सांडवा (निवृत्त):
पोटोमॅककर, तुमच्या मित्राचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या रकमेवर निघालाय. डार्टचा खर्च डोळ्यांत भरतो कारण त्याचा व्हिडिओ आहे. 26 सप्टेंबर 2022 ला सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने ते यान 160 मीटरच्या डिमॉर्फसवर, म्हणजे एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर, आदळलं. त्याची फेरी 73 सेकंदांनी बदलली तरी मोहीम यशस्वी मानायची असं आधी ठरलेलं होतं. प्रत्यक्षात 11 तास 55 मिनिटांची फेरी 11 तास 23 मिनिटांवर आली. आणि येत नसलेला धोंडा मुद्दामच निवडला होता हो, येणाऱ्यावर पहिला प्रयोग कोण करेल? ढकलता येतं हे कळलं, विषय संपला. पण ढकलायचं कुणाला, ते आधी दिसायला नको? मला विचाराल तर सगळा वाद तिथे व्हायला हवा, आणि तिथेच सगळे गप्प असतात.

मी नोकरीभर धरणांवर होतो. मोठ्या धरणाचा सांडवा काढताना 'संभाव्य महत्तम पूर' धरतात. तो पूर बांधणाऱ्याने पाहिलेला नसतो, त्याच्या नातवालाही बहुधा दिसणार नसतो. तरी त्या काँक्रीटवर कुणी हरकत घेत नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटल्यानंतर पुण्यात तरी नाहीच नाही. पण पूर येतोय हे ज्याच्यावरून कळतं त्या पर्जन्यमापकाचं काय? एका धरणाच्या पाणलोटात, डोंगरातल्या वाडीवर आमचं केंद्र होतं. रोज सकाळी साडेआठला रीडिंग घेणारा माणूस तुटपुंज्या मानधनावर. त्याचं काचेचं मोजपात्र फुटलं. मागणीपत्र गेलं, स्मरणपत्र गेलं, पात्र काही येईना. शेवटी त्याने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ब्लेडने रेघा ओढल्या आणि अख्खा पावसाळा तिनेच पाऊस मोजला. त्याच उन्हाळ्यात साहेबांच्या दौऱ्यासाठी धरणाचे दरवाजे रंगवून झाले होते. त्याला निधी कुठून आला कोण जाणे, पण आठ दिवसांत आला.

लघुग्रहांच्या बजेटचा इतिहास वाचताना मला ती बाटली आठवते. 1998 मध्ये अमेरिकी काँग्रेसने नासाला सांगितलं, एक किलोमीटरहून मोठे, पृथ्वीजवळून जाणारे 90 टक्के लघुग्रह दहा वर्षांत शोधा. ते काम थोड्या उशिराने का होईना, झालं. मग 2005 मध्ये कायदाच केला की 140 मीटर आणि त्याहून मोठे 90 टक्के 2020 पर्यंत शोधायचे. कायदा झाला, पण त्याच्या मापाचा पैसा दिला नाही. पुढची कित्येक वर्षं या कामाला वर्षाला 40 लाख डॉलरच्या आसपास मिळत होते. मुदत येऊन गेली, आणि त्या आकाराचे निम्मेसुद्धा अजून सापडलेले नाहीत.

15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर जेमतेम 20 मीटरचा एक दगड हवेत फुटला. लोक प्रकाश बघायला खिडकीशी आले आणि मागून आलेल्या धक्क्याने काचा त्यांच्या अंगावर आल्या. दीड हजारांच्या आसपास जखमी. तो सूर्याच्या बाजूने आला होता, एकाही दुर्बिणीला आधी दिसला नाही. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये सुनावणी झाली. तीन आठवड्यांत येणारा लघुग्रह सापडला तर काय कराल, यावर नासाचे तेव्हाचे प्रमुख चार्ल्स बोल्डन यांचं उत्तर होतं, प्रार्थना करा. सरकारी अधिकाऱ्याचं इतकं सरळ उत्तर मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. पुढच्या वर्षी लेखापरीक्षकांनी पाहिलं तर हा अख्खा कार्यक्रम नासाच्या मुख्यालयात एकच अधिकारी सांभाळत होता. स्वतंत्र कार्यालय झालं ते 2016 मध्ये.

आज परिस्थिती बरी आहे. वर्षाला पंचवीस-तीस कोटी डॉलर, म्हणजे नासाच्या बजेटच्या एक टक्क्याच्या आसपास. त्यातला मोठा वाटा 'निओ सर्व्हेयर' या अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, दुर्बिणीचा. ती अवकाशात राहून सूर्याच्या जवळपासचा भागही न्याहाळू शकेल, जो जमिनीवरच्या दुर्बिणींना उजेडामुळे बघता येत नाही. आणि 2022 मध्ये, ज्या वर्षी डार्टचा जयजयकार झाला त्याच वर्षी, या दुर्बिणीचा पुढच्या वर्षाचा निधी नियोजित 17 कोटींवरून 4 कोटींवर आणायचा प्रस्ताव आला. कारण इतर मोहिमांचा खर्च फुगला होता. काँग्रेसने थोडा पैसा परत घातला, पण उड्डाण 2026 वरून पुढे गेलं ते गेलंच, आणि अंदाजित खर्च 120 कोटी डॉलरवर पोहोचला. काम लांबलं की ते महागतं, हे धरणवाल्याला कुणी शिकवायला नको.

बाळ्या, तुझ्या फेब्रुवारीतल्या दगडाबद्दल. त्याचं नाव 2024 वायआर4, आकार साधारण 60 मीटर. 18 फेब्रुवारीला 2032 सालच्या धडकेची शक्यता 3.1 टक्के होती आणि आठवड्यात ती जवळजवळ शून्यावर आली. याला तू घाबरवणं म्हणतोस. अरे, निरीक्षणं वाढली म्हणून ती शक्यता उतरली! मला झोंबली ती वेगळीच गोष्ट. तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळून गेला 25 डिसेंबर 2024 ला, आणि चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला दिसला 27 तारखेला. आपल्याला पाठ दिसली.

आणि अब्जाधीशांनी करावं म्हणतोस, तर तेही करून झालंय. माजी अंतराळवीरांच्या 'बी612' संस्थेने 2012 मध्ये 'सेंटिनेल' नावाची अशीच दुर्बीण देणग्यांवर उभारायची घोषणा केली होती. सुमारे 45 कोटी डॉलर लागणार होते. त्याच्या जवळपासही रक्कम जमली नाही आणि 2015 मध्ये नासाने त्यांच्याशी केलेला करार संपवला. जो पूर बहुधा येणारच नाही त्याचं मोजमाप करायला देणगी कोण देणार? पाटी तरी कुठे लावायची?

मृण्मयी_पुणे:
सांडवाकाका, शोधण्यापर्यंत पटलं. पण ढकलण्याचा विषय तुम्ही फार पटकन गुंडाळलात. कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो या खगोलशास्त्रज्ञांनी 1994 मध्येच इशारा दिला होता की लघुग्रह पृथ्वीपासून दूर वळवायची युक्ती आली की तो पृथ्वीकडे वळवायचीही आली. शीतयुद्ध संपल्यावर काम शोधणाऱ्या अण्वस्त्र प्रयोगशाळांमधले लोक या विषयात का रमले, हाही प्रश्न विचारायला हवा. हायड्रोजन बॉम्बचे जनक म्हणवले जाणारे एडवर्ड टेलर स्वतः त्यांत होते.

शिवाय वायआर4 चा धोक्याचा पट्टा बघा, म्हणजे आदळलाच असता तर ज्या पट्ट्यात कुठेतरी पडला असता तो. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका, अरबी समुद्र आणि मग भारत-बांगलादेश. त्यात लागोस आहे, मुंबई आहे, ढाका आहे. अमेरिका त्यात नाहीच. धक्का कमी पडला तर दगड चुकत नाही, त्याच पट्ट्यावर पुढेमागे सरकतो. म्हणजे मेरीलँडच्या करातून बनलेलं यान अर्धवट चाललं, तर एका देशावरचं संकट दुसऱ्या देशावर ढकललं जाणार. हे ठरवणार कोण? संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 2013-14 मध्ये दोन गट झालेत, एक सूचना देणारा, एक मोहिमांचा विचार करणारा. दोघांनाही फक्त सल्ला देता येतो. कोजागिरीच्या वादात दोन्ही बाजूंनी हे कुणीच काढलं नाही का?

सांडवा (निवृत्त):
मृण्मयी, रास्त आहे. म्हणूनच दुसरं डार्ट आत्ताच बनवून गोदामात ठेवा असं मी म्हणत नाही. वीस वर्षं आधी दिसला तर सगळ्या देशांना भांडायलाही वेळ मिळेल. दोन वर्षं आधी दिसला तर ज्याच्याकडे यान तो मालक. पाणीवाटपाच्या भांडणांत आयुष्य गेलंय, त्यामुळे दुसऱ्या परिस्थितीत काय होईल याची कल्पना करवते.

लोणारचा_मास्तर:
राम राम. आमच्या सरोवराचं नाव अजून कसं निघालं नाही? सुमारे अठराशे मीटर रुंदीचं विवर, तेही बेसाल्टमध्ये. दरवर्षी शाळेच्या सहली येतात. काठावर उभं केलं की आधी गलका, मग पोरं एकमेकांना विचारतात, 'दगड कुठंय?' दगड राहिलाच नाही, तडाख्यात त्याची वाफ झाली, हे सांगितलं की कुणाचाच विश्वास बसत नाही. मोठ्यांचाही नाही. मागे एक पाहुणे तर 'उकरून काढा की' म्हणाले.

प्रश्न असा की भारत यात कुठे आहे? पट्टा आपल्यावरून जातो आणि पैसा मात्र अमेरिकेने घालायचा, हे बरं दिसत नाही.

मृण्मयी_पुणे:
मास्तर, अगदीच रिकामे नाही आहोत. लडाखात हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर 70 सेंटिमीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आहे, बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई मिळून चालवतात. 2024 च्या जुलैमध्ये तिने पृथ्वीजवळून जाणाऱ्या, सुमारे 116 मीटरच्या एका लघुग्रहाचा माग काढला. दुर्बीण त्याच्या गतीने फिरवली की तो ठिपका राहतो आणि मागचे तारे रेघांसारखे ओढले जातात. फोटो सुरेख आहे. इस्रोनेही त्याच महिन्यात या विषयावर कार्यशाळा घेतली. पण दुर्बीण मुख्यतः दुसऱ्याच कामांसाठी आहे, हे खरं.

पोटोमॅककर:
सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे. मित्राला हे वाचायला पाठवलं. त्याचं म्हणणं, दुर्बिणीला हरकत नाही, पण लोकांना विचारलंय का कुणी? आता तूच विचार म्हणाला.

सांडवा (निवृत्त):
विचारलंय. जनमत चाचण्या घेणाऱ्या प्यू संस्थेने 2023 मध्ये अमेरिकनांना विचारलं, नासाने सगळ्यात आधी काय करावं? पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहांवर नजर ठेवणं हे 60 टक्के लोकांनी अग्रक्रमात घातलं. माणूस चंद्रावर पाठवणं 12 टक्क्यांनी, मंगळावर 11 टक्क्यांनी. पैसा कुणीकडे जातो ते तुम्ही मेरीलँडमध्ये बसून बघताच.

पत्रात फार पसारा नको. 2005 च्या कायद्याचं नाव घ्या, मुदत उलटून गेल्याचं लिहा, आणि निओ सर्व्हेयरच्या उड्डाणाचा व नंतर ती चालवायचा, दोन्ही निधी कापू नका एवढंच मागा. चालवायचा विसरू नका. वर गेलेली यानंसुद्धा चालवायला पैसा नको म्हणून बंद करायचा विचार होतो. 2029 च्या एप्रिलमध्ये अपोफिस हा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह पृथ्वीपासून 32 हजार किलोमीटरवरून जाणार आहे, आदळणार नाही. त्याच्या भेटीला निघालेलं ओसायरिस-एपेक्स यान आधीच अवकाशात आहे, तरी 2026 च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात ते रद्द करायचं ठरवलं होतं. काँग्रेसने विज्ञानावरची ती मोठी कपात मानली नाही, म्हणजे पत्रं वाचली जातात असं धरायला हरकत नाही.

नाशकातला_बाळ्या:
काका, मावशीला हे सगळं सांगितलं. ती म्हणते, फ्लॅटचा भाव दरम्यान वाढला, तो नासा देणार का?