अनुभव धागा: "आज रात्री कुठं जायचं?" अशी वेळ कधी आलीय का?

जोडभावीची लेक
काल पहाटे मावसबहिणीला हुतात्मा एक्सप्रेसला बसवायला सोलापूर स्टेशनला गेले होते. एक नंबरवर बाकाच्या कडेला एक बाई. दोन पोरं, खताच्या पोत्यात कपडे आणि मांडीवर कुकर, झाकणासकट. तिला कुठलीच गाडी पकडायची नाहीये हे मला लगेच कळलं, कारण मीपण कुकर घेऊनच निघाले होते.

एप्रिल २००८, रात्रीचे साडेअकरा. दागिने कपाटात राहिले, रेशनकार्ड राहिलं, पोरीच्या चपला राहिल्या. आणि हातात काय, तर कुकर, त्यात दुपारचा भात. का घेतला ते आजही सांगता येत नाही. पोरीला कडेवर घेऊन चालले, डांबर अजून गरम होतं.

आमच्या गल्लीतल्या अक्कांनी दार उघडलं. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घर, दोन खोल्या, आठ माणसं. विड्यांचं सूप सरकवलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं भिंतीकडं लोटली आणि अंथरूण टाकलं. तेलुगूत नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या, तो उशी घेऊन मागाच्या शेडात झोपायला गेला. असं एकोणीस रात्री. "किती दिवस?" हा शब्द त्या घरात कुणी काढला नाही.

त्याआधी मी एका चौकीत जाऊन आले होते. तिथं "नवराबायकोचं आहे, सकाळी या" ऐकून परत फिरले होते. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ ला. म्हणजे तेव्हा दीड वर्षाचा होता, आणि संरक्षण अधिकारी नावाचं कुणी असतं हे मला अक्कांच्या युनियनमधल्या बाईंनी सांगितलं. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहायचा हक्क माझा होता. पण मला तिथं परत जायचंच नव्हतं. तेव्हा कळलं की कोर्ट त्याला दुसऱ्या खोलीचं भाडं भरायलाही लावू शकतं. हे बऱ्याच जणींना अजून माहीत नाही.

कालच्या बाईला १८१, बायकांची हेल्पलाइन, लावून फोन तिच्या कानाला लावला. माझ्या बहिणीची गाडी सुटली, टाटा करायचं राहून गेलं.

तुमचं सांगा. गल्ली, पत्ते, खरी नावं लिहू नका.

शेंगाचटणी
काटा आला ताई. भाकरी तव्यावर आहे, नंतर लिहिते.

मागवाला
आमचं वेगळं. मारहाण वगैरे नाही, मालक. २०२० ला माग बंद, तीन महिन्यांचं भाडं थकलं. मालकानं मीटरची वायरच काढून नेली, नळाला कुलूप. मे महिना बे, सोलापूरचा मे! पोरगं रात्रभर ओल्या टॉवेलात.

तर गंमत ऐका. मालकाची बायको रात्री दहानंतर वरच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडायची, पंख्यापुरता. पहाटे पाचला ओढून घ्यायची. सव्वा महिना आम्ही असं राहिलो आणि मालकाला पत्ता नाही.

मग एका वकिलांनी सांगितलं, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, भाडं थकलं तरी लाइट-पाणी तोडता येत नाही, खोली काढून घ्यायची तर कोर्टातूनच. मी केस केली नाही. त्या माउलीच्या तोंडाकडं बघून गप बसलो. हप्त्याहप्त्यानं भाडं फेडलं.

कन्नाचौक
@मागवाला मालकाला पत्ता नव्हता हे तुम्हाला कुणी सांगितलं? बिल कोण भरत होतं 😄

मागवाला
@कन्नाचौक आयला. सहा वर्षांत हा विचार आला नाही.

आबा ७४
मी बोलून टाइप करतो चुका असतील मिल बंद झाल्यावर मिळालेल्या पैशात दोन खोल्या बांधल्या ही गेल्यावर मुलाच्या नावे बक्षीसपत्र केलं सहा महिन्यात माझी कॉट जिन्याखाली वर्षभरात मुलगा म्हणाला गावाकडे जा गावाकडे काय आहे तर बाभळी आहेत मग सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फिरायला येणाऱ्या एका मित्राने प्रांत ऑफिसला नेले तिथे ज्येष्ठांसाठी न्यायाधिकरण असते २००७ चा कायदा वकील लागत नाही माझ्या बक्षीसपत्रात सांभाळ करण्याच्या अटीवर असे एक वाक्य होते ते दस्त लिहिणाऱ्याने स्वतःहून टाकले होते त्या एका वाक्याने घर परत आले नाहीतर अवघड होते सून आता चहा आणून देते साखर कमी असते अरे नको हे लिहू नको थांब

शेंगाचटणी
आबा 😂 ते पण टाइप झालं.

सगळ्यांनी ते वाक्य लक्षात ठेवा पण. माझ्या आईला आजच सांगते. ज्येष्ठांसाठी १४५६७ पण आहे, तिथं कुठं अर्ज करायचा ते सांगतात.

कुंभारीकर
मी विडी घरकुलातला. गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरं, २००६. लोक हसायचे, कुंभारीत कोण राहायला जाणार, माळावर साप फिरतात. साप होते, खोटं नाही. पण त्याआधी आम्ही भाड्याच्या एका खोलीत सहा जण, दर अकरा महिन्यांनी भांडी हातगाड्यावर. माझ्या तीन शाळा झाल्या चौथीपर्यंत.

घर आईच्या नावावर. वडील प्यायचे. एका रात्री तिनं त्यांना सरळ सांगितलं, "हे घर माझ्या विड्यांचं आहे, आत यायचं तर नीट या." भाड्याच्या खोलीत तिच्या तोंडून हे वाक्य कधी निघालं नसतं. त्या रात्री वडील ओट्यावर झोपले.

साखरपेठ
@कुंभारीकर त्या रे नगरच्या घरकुलांना अजून नंबर लागतो का? एक जण चाळीस हजार मागायलाय, फाइल पुढं सरकवतो म्हणून.

कुंभारीकर
@साखरपेठ अजिबात देऊ नको. रे नगर तीस हजार घरांचं, पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ ला दिल्या. विडी, माग, शिलाई, कचरावेचक असल्या असंघटित कामगारांसाठी आहे, संस्थेच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचार. विडीचं ओळखपत्र आहे ना घरात कुणाचं?

साखरपेठ
आजीचं होतं. आजीबरोबर चितेत गेलं बहुतेक, उशाखाली ठेवायची.

सीनाकाठ
आमच्यावर वेळ नदीनं आणली. सप्टेंबर २०२५. रात्री दोनला पाणी उंबऱ्याला, अडीचला चुलीत. झेडपीच्या शाळेत अकरा दिवस, एका वर्गात चार घरं आणि आमच्या दोन शेळ्या. गुरुजी म्हणाले शेळ्या बाहेर. म्हातारी म्हणाली मग मीबी बाहेर. शेळ्या आत आल्या.

मदत म्हणून साड्या इतक्या आल्या की विचारू नका. पातेलं एकानं दिलं नाही. पुढच्या वेळी कुणी मदत पाठवणार असाल तर झाकणाची पातेली पाठवा राव.

कन्नाचौक
लांबोटीचा पूल तेव्हाच बंद होता ना? आम्ही मोहोळात अडकलेलो.

सीनाकाठ
हो तेव्हाच. तुम्ही गाडीत होता, आम्ही पाण्यात 🙏

रात्रपाळी
मी बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात काम केलंय दोन वर्षं, महापालिकेच्या. लोकांना वाटतं तिथं फक्त भिकारी. सिव्हिलला पेशंट घेऊन आलेले, घरातनं काढलेले म्हातारे, हॉटेलात भांडी घासणारी पोरं. एक जण तर इंजिनिअर होता, रोज सकाळी शर्टाला इस्त्री करून मागायचा. आधार कार्ड नसेल तरी आत घेतो, कागद मागाहून बघतो. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलंय, शहरात एक लाख लोकांमागं चोवीस तास चालणारा एक निवारा. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाख. आता आपल्याकडं किती दिसतात ते येताजाता मोजा.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात गर्दी वाढायची. पाळणे, फुगेवाले. थंडीत उघड्यावर झोपण्यापेक्षा बरं म्हणून यायचे. एक पाळणेवाला जाताना सगळ्यांना भज्यांचा पुडा देऊन जायचा.

अनामिक
सगळं वाचलं. मला आज रात्रीचंच विचारायचं आहे. तो दहाला येतो. मुलगी आहे आणि छोटा.

जोडभावीची लेक
बाई, भाग लिहू नकोस इथं. फोन त्याच्या हाती लागतो का? लागत असेल तर हे वाचून पुसून टाक. हात उचलला तर ११२, तोवर १८१. "सखी केंद्र" म्हण, त्यालाच वन स्टॉप सेंटर म्हणतात. पाच दिवस राहता येतं, पोलीस, दवाखाना, वकील तिथूनच बघतात. वकिलाचे पैसे लागत नाहीत, बाईला उत्पन्नाची अट नाही. छोटा कितीचा?

अनामिक
चार.

रात्रपाळी
मग चालेल. मुली कुठल्याही वयाच्या, मुलगे आठ वर्षांपर्यंत आईबरोबर राहतात. पाच दिवसांनंतर शक्ती सदनला, म्हणजे बायकांच्या सरकारी निवाऱ्याला पाठवतात, आधी स्वाधार म्हणायचे.

मागवाला
रिक्षा पाहिजे असेल तर त्या १८१ च्या बाईलाच विचारा, ओळखीचा रिक्षावाला नको. ओळखीचा माणूस उद्या चहाच्या गाड्यावर बोलतो.

शेंगाचटणी
आधार, बँक पासबुक, पोरांचे जन्मदाखले. सापडलं तर घे, नाही सापडलं तर तशीच निघ. कागद परत काढता येतात.

आबा ७४
बाळा सांभाळून

कन्नाचौक
काही कळलं का त्यांचं? साडेबारा झाले.

जोडभावीची लेक
नाही. मी जागी आहे.

कुंभारीकर
मीपण. नाइटलाच आहे.

अनामिक
काल लिहिता आलं नाही, चार्जर राहिला. इथल्या ताईंचा घेतलाय. आम्ही तिघं केंद्रात आहोत. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून मला काही हक्क नाही असं तो कायम म्हणायचा, वकील बाई म्हणाल्या तसं नसतं, सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे. ते बघू. आत्ता मुलगी शाळेचंच धरून बसलीय. तिकडच्या शाळेत तो गेटवर येईल.

रात्रपाळी
जवळच्या पालिकेच्या शाळेत घाल. टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, नाही म्हणून पहिली ते आठवीला प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आहे. हेडमास्तर कुरकुर करतील, केंद्रातल्या ताईंना बरोबर ने.

अनामिक
दप्तर घरी राहिलं. तिला त्याचंच रडू येतंय, कंपासपेटीत तिचं काहीतरी होतं.

शेंगाचटणी
कितवीत आहे?

अनामिक
चौथी.

शेंगाचटणी
माझा यंदा पाचवीत गेला. पुस्तकं माळ्यावर आहेत, काढून ठेवते. केंद्रातल्या ताईंच्या नावानं पाठवते, तू पत्ता देऊ नकोस. गणिताच्या पुस्तकावर त्यानं डायनासोर काढलेत, चालतील का विचार तिला.