मदत हवी आहे: हिरवा दिवा ‘टाकी भरली’ म्हणतो आणि वॉटर हीटर तापून बंद पडतो

नमस्कार मंडळी,

एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला मोठा वॉटर हीटर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. ३० लिटरची स्टीलची टाकी, २३० व्होल्टवर चालणारी ३ किलोवॉटची कॉइल, पाणी आपोआप भरून घेणारा. आत किती पाणी आहे हे बाहेरून दिसत नाही, दिव्यांवरच भरवसा.

पंधरा दिवसांपासून रोज एकच प्रकार. सकाळी थंड टाकी चालू केली की व्हॉल्व्ह उघडतो, पाणी भरतं, ९५ अंशांपर्यंत नीट तापतं. दोनेक तास मुलं पाणी घेत राहतात. मग नळाची धार बारीक होते, आतून खडखड ऐकू येते आणि लाल दिवा लागून हीटर बंद. मागचं रीसेट बटण तासाभराने, टाकी निवल्यावरच बसतं. मला न उलगडलेली गोष्ट ही, की त्या वेळीही ‘टाकी भरली’चा हिरवा दिवा लागलेलाच असतो.

मेकॅनिकने थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) बदलला, दोन दिवसांत पुन्हा तेच. आता तो म्हणतो कटआउट (टाकी जास्त तापली की हीटर बंद पाडणारा सुरक्षा स्विच) कमजोर झालाय, तो काढून वायरी थेट जोडू, म्हणजे ‘डायरेक्ट’ करू. माझं मन धजत नाही. पाण्याचा दाब चांगला आहे, व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी मी साफ केली आहे. नेमकं काय तपासू?

प्रतिसाद १

कटआउट डायरेक्ट अजिबात करू देऊ नका. तुमच्या यंत्रात आत्ता खरं बोलणारा तो एकटाच आहे.

लाल दिवा एकच, पण त्यामागे दोन वेगळे आजार असू शकतात. टाकी भरलेली असूनही पाणी उकळतच राहिलं, तर कॉइलचा पुरवठा तुटत नाहीये. पाणी कमी होऊन कॉइल उघडी पडली असेल, तर दोष पातळीच्या बाजूला. तुम्ही लिहिलेली बारीक धार मला या दुसऱ्या शक्यतेकडे नेते. पुढच्या वेळी बंद पडला की मेन स्विच बंद करा, वाफ जाऊ द्या, झाकण उघडून पाणी कुठवर आहे ते बघा. आणि गरम, कोरड्या कॉइलवर गार पाणी ओतू नका.

प्रतिसाद २

मला कंटॅक्टरचा, म्हणजे कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, संशय आहे. त्याचे पॉइंट चिकटले की थर्मोस्टॅटने वीज तोडली तरी कॉइल चालूच राहते, मग कितीही थर्मोस्टॅट बदला. वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. ३ किलोवॉटला साधारण १३ अँपिअर दिसतील. थर्मोस्टॅटने वीज तोडल्यावर आकडा शून्यावर यायला हवा.

धागाकर्ता

दोन्ही पाहिलं. थर्मोस्टॅटने वीज तोडली की अँपिअर शून्य, म्हणजे कंटॅक्टर ठीक. पण झाकण उघडलं तर कॉइलचा वरचा वेढा पाण्याबाहेर! हिरवा दिवा लागलेला असताना. टाकीत झाकणातून तीन कांड्या सोडलेल्या आहेत, त्यांतल्या सगळ्यात लांब कांडीपेक्षा पाणी थोडंसंच वर होतं.

प्रतिसाद १

मग चोर सापडल्यातच जमा आहे. लांब कांडी सामाईक, मधली ‘पाणी कमी’ची, आखूड ‘भरली’ची. पाण्यातून अगदी बारीक करंट एका कांडीतून दुसरीत गेला की हीटरचा कंट्रोल बोर्ड समजतो, पाणी इथवर आलं. तो करंट पाण्यावाचून दुसऱ्या वाटेने गेला तरी बोर्डाला फरक कळत नाही. कांडी जिथे झाकणातून आत जाते तिथे वीज अडवणारा इन्सुलेटर असतो. त्यावर क्षार जमून वाफेने ओला झाला की टाकीच्या धातूमार्गे तीच वाट तयार होते. सकाळी तो थर कोरडा असतो, म्हणून यंत्र शहाण्यासारखं वागतं. वाफ धरली की फसतं. व्हॉल्व्ह उघडत नाही, कॉइल मात्र चालू राहते.

खात्री अशी करा. मेन बंद ठेवून कॉइलच्या वायरी सोडवा आणि उघडी टोकं नीट झाका. मग मधल्या आणि आखूड कांडीच्या वायरी काढून फक्त बोर्ड चालू करा. पाण्याचा कॉक बंद असू द्या, कारण व्हॉल्व्ह उघडणार. तरीही हिरवा लागला तर बोर्ड किंवा वायरिंग खराब. ‘पाणी कमी’ दाखवलं तर दोष कांड्यांचा. नंतर सगळं बंद करून, पाणी आखूड कांडीच्या खाली असताना ती कांडी आणि टाकीचा धातू यांमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा. मीटरवर कुठलाही आकडा यायला नको, म्हणजे वाट पूर्ण तुटलेली हवी. आकडा आलाच तर तो हलता असेल, त्याने गोंधळू नका. ओल्या क्षारावर डीसी मीटर असाच वागतो.

धागाकर्ता

वायरी काढल्यावर लगेच ‘पाणी कमी’, म्हणजे बोर्ड निर्दोष. आखूड कांडी ते टाकी १० ते १४ किलोओहम, पाण्याला स्पर्श नसताना! कांड्या काढल्या तर इन्सुलेटरभोवती पांढरी कडक कड होती. आणखी एक सापडलं: वाफ बाहेर जायची नळी क्षाराने जवळजवळ बुजलेली. म्हणजे सगळी वाफ कांड्यांच्या डोक्यातूनच निसटत होती. नळी मोकळी केली, कांड्या आणि इन्सुलेटर सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्यात ठेवून साफ केले, वाळवले. आता मीटरवर काहीच येत नाही. आज चार तास चालला, दोनदा आपोआप भरला.

एक राहिलं. क्षार नकोत म्हणून आरओचं पाणी जोडावं का?

प्रतिसाद १

घाई नको. आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असू शकतात की करंट जाणारच नाही. मग टाकी भरली तरी बोर्डाला रिकामीच वाटेल आणि पाणी बाहेर वाहील. आधी बादलीत ते पाणी घेऊन कांड्या बुडवून दिवा लागतो का बघा. कॉइल कोरडी तापली आहे, तेव्हा ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तिचं इन्सुलेशनही मोजून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती वापरू नका.

धागाकर्ता

बादलीत दिवा लागलाच नाही. आरओ रद्द. मेगर उद्या मिळेल, तोपर्यंत हीटर बंद ठेवतोय. मनापासून आभार.