‘नो डील’ फेटाळता येतं का?

कोरांटी:
ब्रेक्झिटवरचा, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्यावरचा, एक लेख मराठीत आणतेय. १३ मार्च २०१९ ला ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने ‘नो डील’, म्हणजे संघाशी करार न करताच बाहेर पडणं, कुठल्याही परिस्थितीत नको असा कौल दिला. आधी ठरावाला तशी दुरुस्ती ३१२ विरुद्ध ३०८ मतांनी मंजूर झाली, मग दुरुस्त ठराव ३२१ विरुद्ध २७८ ने मंजूर झाला. मी लिहिलं, ‘खासदारांनी कराराविना बाहेर पडणं फेटाळलं.’ तपासणाऱ्या बाईंनी ‘फेटाळलं’वर काट मारली. कुणी मांडलंच नव्हतं ते फेटाळणार कसं, म्हणाल्या. मग ‘नाकारलं’ लिहू का?

लीड्सकर:
बाईंचं बरोबर आहे. कराराविना बाहेर पडणं हा पर्याय कुणी टेबलावर ठेवायची गरजच नव्हती. काही केलं नाही तर तेच होणार होतं. संघ सोडण्याबद्दलच्या, संघाच्या करारातल्या कलम ५० ची दोन वर्षांची मुदत २९ मार्चला भरत होती. टाळायचं तर करार मंजूर करा, नाहीतर संघातल्या उरलेल्या २७ देशांच्या एकमताने मुदत वाढवून घ्या, नाहीतर बाहेर पडण्याची नोटीसच मागे घ्या. चौथी वाट नव्हती. त्या मतदानानंतर आमच्या ऑफिसात लोक ‘सुटलो’ म्हणत होते. त्यांचं सोडा, पण मतं देणाऱ्यांपैकीही कित्येकांना हे उमगलेलं दिसत नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

सह्यकडा:
घोळ ‘ठराव’मध्ये आहे. ठराव झाला म्हणजे ठरलं, असं आपल्याला वाटतं. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाप्रश्नाचा ठराव एकमताने केला. बेळगाव कर्नाटकातच आहे. ठराव म्हणजे सभागृहाचं मत, कायदा नव्हे. ‘नको म्हणून ठराव केला’ असं लिहा.

निखळ:
ठराव राहू द्या, आधी ‘करार’ काढा. अरबी शब्द. ‘संधी’ लिहा.

सह्यकडा:
‘संधीविना बाहेर’ वाचून कोण काय समजेल? लोकांना वाटेल चान्स हुकला. आणि अरबीत ‘करार’ म्हणजे स्थिर होणं, टिकणं. बेकरारमधला तोच. आपला ‘ठराव’ ठरण्यातून आला. दोन्ही शब्दांत अर्थ एकच, मग परका कसला?

निखळ:
या न्यायाने ‘डील’च ठेवा की! भाषा अशीच जाते.

पाटीपेन्सिल:
माझ्याकडे त्याच वर्षीच्या, २०१९ च्या सप्टेंबरचं कात्रण आहे, ‘ब्रिटिश संसद बरखास्त’. साफ चूक. बरखास्त झाली असती तर निवडणूक लागली असती. तेव्हाचे पंतप्रधान जॉन्सन यांनी अधिवेशन संस्थगित करवलं होतं. २४ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी तेच खासदार त्याच बाकांवर येऊन बसले. ‘तहकूब’ही चालणार नाही, ते दिवसाच्या बैठकीला. आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीत ‘सत्रसमाप्ती’ आहे, तोच शब्द घ्यावा.

लीड्सकर:
सत्रसमाप्तीचं महत्त्व मार्चमध्येच दिसलं होतं. जॉन्सन यांच्या आधीच्या पंतप्रधान मे बाईंचा करार जानेवारीत २३० मतांनी पडला, १२ मार्चला पुन्हा पडला. तिसऱ्यांदा आणायच्या बेतात असताना सभापती बर्को यांनी १६०४ पासूनचा संकेत पुढे केला: एकदा निकाली निघालेला प्रश्न त्याच सत्रात जसाच्या तसा आणता येत नाही. आणायचा तर आधी सत्र संपवायला हवं. अख्ख्या मंत्रिमंडळात हे कुणी आधी सांगितलं नसेल?

निखळ:
‘संकेत’ की ‘प्रघात’? प्रघात जास्त नेमका.

कोरांटी:
त्याच लेखात ‘डिव्होर्स बिल’ आहे. कच्च्या मसुद्यात कुणीतरी ‘घटस्फोट विधेयक’ केलंय!

लीड्सकर:
बिल म्हणजे पैशांचं, बाहेर पडताना ब्रिटनने संघाला द्यायचे सुमारे ३९ अब्ज पौंड. ‘देणी’ लिहा.

पाटीपेन्सिल:
‘काडीमोडीची देणी’. काडीमोड हा आपला जुना शब्द आहे, वापरायला हवा.

निखळ:
काडीमोड दोघांच्या मर्जीने होते. इथे एकाने घर सोडलंय. मी ‘फारकत’ घेईन.

सह्यकडा:
फारकतसुद्धा अरबीच, निखळ.